पास्कूला कोणी सांगायचं?

वसईच्या समुद्राकडच्या अंगाला, केळीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्यांनी वेढलेल्या एका गावात, एकदा एक तरुण धर्मगुरू नेमणुकीवर आला. त्याचे नाव ज्योकीम. दीक्षा होऊन जेमतेम सात महिने झाले होते. आवाजात धार होती, मनात तळमळ होती आणि कोणाचे पाप दृष्टीस पडले की ते बोलून दाखवल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. पाप्याला समज देणे हे दयेचेच कृत्य आहे, असे तो शिकला होता, आणि ते खोटेही नव्हते.

त्या देवळाचे प्रमुख धर्मगुरू होते फादर मानवेल. पंचाहत्तरी ओलांडलेले, काठी टेकत चालणारे. त्यांचे प्रवचन सात मिनिटांत संपत असे आणि उरलेला दिवस लोकांच्या ओट्यांवर जात असे. ते कोणाला टोकत नसत. "आपण नीट वागावं, लोक बघतात," एवढेच म्हणत. ज्योकीमला हे फार सौम्य वाटे.

दोन महिन्यांत त्याच्या कानांवर पास्कूची गोष्ट आली. पास्कू फुलांचा बागायतदार. दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचा, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभूचे शरीर मानलेली भाकर, हातांवर घ्यायचा. आणि अकरा वर्षे तो आपल्या आईशी एक शब्द बोलला नव्हता. वाटणीच्या वेळी आई इस्तेरबायने विहिरीकडचा तुकडा धाकट्याला दिला, तेव्हापासूनचा हा अबोला. आई धाकट्याकडे राहत होती. दोन घरांमध्ये एक मेंदीचे कुंपण, बस्स. आता म्हातारीने अंथरूण धरले होते. हृदय थकले आहे, पंधरा दिवस जातील किंवा दोनच, असे डॉक्टर सांगून गेले होते. तरीही पास्कू कुंपण ओलांडत नव्हता.

ज्योकीम आजाऱ्याला लावायचे पवित्र तेल घेऊन इस्तेरबायकडे गेला. अभिषेक झाला, प्रार्थना झाली. म्हातारीने डोळे उघडून एवढेच विचारले, "पास्कू वाडीत आहे का, फादर? मघाशी त्याचा आवाज आला."

ज्योकीम पेटून परतला. त्या रविवारी प्रवचनाला उभा राहिला तेव्हा त्याने नाव घेतले नाही, पण नावाची गरजही ठेवली नाही. "या देवळात असा एक माणूस बसला आहे," तो कडाडला, "ज्याला आपल्या मरणाला टेकलेल्या आईचा खोकला ऐकू येतो, आणि तो खुशाल मोगऱ्याच्या कळ्या खुडत राहतो! मग त्याच हातांवर तो प्रभूला घेतो!"

सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. पास्कू उठला. मान ताठ ठेवून, मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत तो दारापर्यंत चालत गेला आणि बाहेर पडला. त्याची बायको खाली मान घालून त्याच्या मागोमाग गेली.

दुपारपर्यंत ज्योकीमला आपण मोठे धैर्य दाखवले असे वाटत होते. चारच्या सुमारास धाकटा भाऊ आला. "आई जेवत नाही, फादर. तिच्या कानांवर गेलं. तुम्हाला निरोप दिलाय." तो जरा अडखळला. "म्हणाली, त्या पोरगेल्या फादरना सांग, माझ्या लेकाला भर देवळात उघडं पाडलंत. आता तो मी मेल्यावरसुद्धा माझ्या तोंडाकडे बघायचा नाही."

"आणि पास्कू?"

"दादाने कुंपणाला पत्रे ठोकलेत. घरी गेल्या गेल्या."

ज्योकीम खोलीत येरझाऱ्या घालू लागला. आपण खरे तेच बोललो ना? मग खऱ्याचे असे कसे झाले? शेवटी बोलणी खायच्या तयारीने तो फादर मानवेल यांच्याकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या पहाटे पाचला तयार राहा. पास्कूच्या वाडीत कळ्या खुडायला जायचं आहे."

"कळ्या?"

"हो. आणि एक अट. मी सांगेपर्यंत त्या विषयावर एक अक्षर काढायचं नाही."

पहाटे दोघे वाडीत पोहोचले. पास्कूने कंबर सरळ करून ज्योकीमकडे पाहिले. "देवळात बोलून पोट भरलं नाही वाटतं, फादर?"

"गेल्या महिन्यात म्हणालास, गडीमाणसं मिळत नाहीत, कळ्या झाडावरच उमलून फुकट जातात," फादर मानवेल म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."

एवढ्या वयाच्या माणसाला वाडीतून हाकलायचे कसे? पास्कूने दोन टोपल्या पुढे सरकवल्या.

मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडावी लागते. ज्योकीमची पाठ तासाभरातच भरून आली, डासांनी पाय फोडून काढले. आणि पत्र्यांच्या पलीकडून मधूनमधून तो खोकला येत होता, कोरडा, लांबत जाणारा. ज्योकीमने पास्कूकडे पाहिले आणि तो चरकला. खोकला सुरू झाला की पास्कूचा हात थांबत होता. खोकला शमला, की थोड्या वेळाने हात पुन्हा चालू लागत होता. एकदा नाही, दरवेळी. गावासमोर ज्योकीमने सांगितले होते की हा माणूस खुशाल खुडत राहतो.

दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. इस्तेरबाय आता पेजेचे दोन घोटच घेत होती. ज्योकीमला अन्न गोड लागेना. प्रार्थनेला बसला तरी कान त्या खोकल्याकडे. तिसऱ्या दिवशी परतताना त्याचा बांध फुटला.

"फादर, तिच्याजवळ दिवस उरले नाहीत आणि आपण फुलं गोळा करतोय! नुसतं चांगलं वागून माणूस बदलतो का? तुम्ही अकरा वर्षं पास्कूच्या ओट्यावर चहा पिताय. काय बदललं?"

फादर मानवेल वाटेतच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. ज्योकीमला वाटले, आपण मर्यादा ओलांडली. पण ते रागावले नाहीत. काठी टेकत सावकाश पुढे चालू लागले.

चौथ्या दिवशी कळ्या अर्ध्या खुडून झाल्या असताना त्यांनी टोपली खाली ठेवली. काठीचा आधार घेत ते पास्कूसमोर आले आणि वाफ्यातल्या ओल्या मातीत दोन्ही गुडघे टेकून बसले.

"पास्कू, मला क्षमा कर."

पास्कू गडबडून मागे सरला. "उठा, फादर! हे काय भलतंच? बोलले ते हे, तुम्ही नाही."

"तो बोलला, त्याची क्षमा तो मागेल. मी बोललो नाही, त्याची मी मागतोय. तू चुकतोयस हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण तू रागावशील, तुझा ओटा मला तुटेल, म्हणून गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला प्रेम म्हणत राहिलो. माझ्या त्या भिडेत तुझी अकरा वर्षं गेली. तुझ्या आईचीही गेली."

पास्कूने आधाराला हात पुढे केला, पण ते उठले नाहीत.

"आता सांगतो. वाटणीत तुझ्यावर अन्याय झाला असेल. नाही म्हणत नाही मी. पण आईशी अबोला धरून तू पाप करतोयस, बाबा. तिच्याकडे वेळ नाही. जा तिच्याकडे."

पास्कूचा चेहरा लालबुंद झाला. हातातली टोपली त्याने आदळली, कळ्या मातीत विखुरल्या. "ती विहीर मी खणली होती, फादर! सोळा वर्षांचा होतो. बाबांबरोबर मी खणली. हा धाकटा तेव्हा पाळण्यात होता!"

"खणलीस," फादर मानवेल म्हणाले. "खांद्यांची सालटी निघाली होती तुझ्या. मी पाहिलंय."

ज्योकीमने वृद्ध फादरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तेव्हा तो पुढे झाला.

"मी देवळात म्हणालो, तुम्ही खोकला ऐकता आणि खुडत राहता. तसं नाहीये. चार दिवस बघतोय. तुमचा हात थांबतो. मी न बघता बोललो. मला क्षमा करा."

पास्कूने आपल्या हाताकडे पाहिले. मग तोंड फिरवून म्हणाला, "जा तुम्ही दोघं. घरी जा."

बांधावरून परतताना ज्योकीमने विचारले, "तो जाईल?"

"ते आपल्या हाती नाही."

"मग समज द्यावी की आपल्या वागण्यातून दाखवावं? खरं काय, फादर?"

फादर मानवेल श्वास घ्यायला थांबले. "तू त्याच्याविषयी सगळ्यांशी बोललास, त्याच्याशी सोडून. मी त्याच्याशी सगळ्याविषयी बोललो, तेवढं एक सोडून. तू धर्माच्या नावाखाली त्याला टाकलंस, मी प्रेमाच्या नावाखाली. जवळ गेल्याशिवाय बोलू नये, ज्योकीम. पण जवळ जाऊन मुकं राहायचं असेल, तर ते जवळ जाणं आपल्याच सुखासाठी असतं. काल वाटेत तू मला समज दिलीस ना? कशी दिलीस आठव. चारचौघांत नाही. चार पावलं माझ्याबरोबर चालत. म्हणून मला ती घेता आली."

पाचव्या दिवशी ते वाडीत गेले, तर तिथे कोणीच नव्हते. मोगरा झाडांवर उमलून पांढराशुभ्र झाला होता. कुंपणाचे दोन पत्रे निघून गवतात पडले होते. धाकट्याच्या ओट्यावर पास्कूची बायको पदराने डोळे पुसत बसली होती. तिने बोटानेच गप्प राहायची खूण केली.

आतून म्हातारीचा क्षीण आवाज आला. "कळ्या खुडल्यास का रे?"

"आज राहू दे, आई."

दोघे धर्मगुरू आल्या पावली मागे फिरले.

इस्तेरबाय त्यानंतर नऊ दिवस जगली. ती असतानाच, दोन दिवसांनी आलेल्या रविवारी, ज्योकीम प्रवचनाला उभा राहिला तेव्हा त्याने आधी आपली चूक सांगितली. जिथे उभे राहून एका माणसाला उघडे पाडले होते, तिथेच, तितक्याच लोकांसमोर. पास्कू देवळात आला होता, पण शेवटच्या बाकावर बसला होता. प्रवचन संपले तरी ज्योकीमच्या मनाला स्वस्थता लाभली नाही, आणि ती लाभावी असे त्याला आता वाटतही नव्हते. गावात अजून कितीतरी घरे अशी होती, ज्यांच्या ओट्यावर तो एकदाही बसला नव्हता.

दुसऱ्याची चूक सांगण्याची घाई झाली तर आपण त्याच्या शेजारी किती पहाटा काढल्या ते आधी स्वतःला विचारावे. आणि पुष्कळ काढल्या असतील, तर अजून गप्प का आहोत, तेही विचारावे.