बायजाआजीची पत्रावळ

"मग उद्याच्या भंडाऱ्याची पळी माझ्या हाती ना, बुवा?"

सर्जेरावने विचारलं खरं, पण उत्तर त्याने गृहीतच धरलं होतं. सहा वर्षं तो डोंगरावरच्या या मठात गेनूबुवांच्या हाताखाली राबत होता. बुवांच्या हाताला काय चव होती म्हणून सांगू! वाघ्या घेवडा, म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा, त्याची आमटी त्यांनी करावी आणि पंचक्रोशीने हात चाटत घरी जावं. आता बुवा थकले होते. पळी कुणाला तरी द्यायचीच होती.

आज त्यांनी पहिल्यांदाच अख्खा हंडा सर्जेरावच्या हवाली केला होता.

आणि पठ्ठ्याने बाजी मारली होती! दोनशे माणसं जेवून उठली. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी "वाढा, अजून वाढा!"

बुवांनी पंगतीवरून नजर फिरवली. उठले आणि पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

तिथे बायजाआजीची पत्रावळ होती. आजी रोज मठाचं अंगण झाडायची. तोंडात औषधालाही दात नव्हता.

द्रोण पुसून घ्यावा तसा लख्ख. आणि पत्रावळीच्या कडेला घेवड्याचा एवढासा ढीग, दाणा न् दाणा अख्खा.

"झ्याक झालिया रं आमटी, लेकरा!" हात धुऊन आलेली आजी सर्जेरावला म्हणाली. "रश्श्यात भाकरी कुस्करली न् प्वाटभर जेवले बग."

ती झाडू घेऊन निघून गेली.

"चिंच कधी घातलीस?" बुवांनी विचारलं.

"...आधीच. रंग चढावा म्हणून."

आंबट आधी पडलं की घेवडा शिजायचं नाव घेत नाही, हे बुवांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. सर्जेरावचे कान तापले.

"पण बुवा, दोनशे माणसांनी वाहवा केली! आजीला तर दातच नाहीत."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक होतं का?"

बुवा आजीच्या पत्रावळीपुढे मांडी घालून बसले. ढिगातला एकेक दाणा उचलून सावकाश चावू लागले. कटकट आवाज चुलीशी जाऊन बसलेल्या सर्जेरावलाही ऐकू येत होता. एकही दाणा त्यांनी मागे ठेवला नाही.

एवढा मोठा माणूस, आणि आपल्यापायी दुसऱ्याचं उष्टं खातोय! सर्जेरावला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याला शिव्या चालल्या असत्या.

तो उठला. उद्यासाठी भिजत घातलेल्या घेवड्यातले दोन मुठी दाणे त्याने छोट्या पातेल्यात घेतले. नुसतं पाणी घातलं आणि चुलीशी बसला. मिरची नाही, मसाला नाही. पळीचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

उन्हं कलली. तो लाकूड पुढे सारायचा, मागे ओढायचा.

बुवा मागे येऊन उभे राहिले.

"शिजलं?"

सर्जेरावने एक दाणा काढला, फुंकला. सवयीने दाताखाली धरायला गेला आणि थांबला.

मग त्याने दोन्ही ओठ आत वळवून दातांवर घेतले. चांगला मिशीवाला गडी, पण तोंड थेट बायजाआजीसारखं बोळकं दिसू लागलं. त्या बोळक्याने त्याने दाणा दाबून पाहिला.

नाही फुटला.

त्याने मान हलवली आणि पुन्हा लाकूड सारलं. बुवा तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्याने दुसरा दाणा उचलला. पुन्हा ओठ आत, पुन्हा दाबला...

दाणा लोण्यासारखा विरघळला. सर्जेरावच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पातेल्यात तर मिरचीचा कणही नव्हता.

गेनूबुवांनी कमरेची पळी काढून त्याच्या हातात ठेवली.

"आता चिंच घाल."