धाकोजीची ओंजळ

मंडळी, टाक्याकडे जाण्याआधी एक विचारतो. डोळे मिटून पाणी प्यावं असा हात तुमच्या ओळखीत कुणाचा आहे? लगेच सांगू नका. बायको शेजारी बसली आहे म्हणून तिचं नाव घेऊ नका, आणि भागीदार गाडीतून उतरतो आहे म्हणून त्याचंही नको. सावकाश विचार करा, तोवर चहा उकळतो.

विचारायचं कारण असं की सावरखिंडीच्या या टाक्यावर कुणी आपल्या हातानं पाणी पीत नाही. एकानं पायरीवर वाकून ओंजळ भरायची, दुसऱ्यानं तिला ओठ लावायचे. पिणाऱ्यानं दोन्ही मुठी छातीशी आवळून धरायच्या, जणू मुठीत कासरा आहे. त्याचं पिऊन झालं की मग त्यानं पाजायचं. टाक्याच्या कडेला तो काळा दगड दिसतो ना, तो जवळून बघा. त्यावर दोन तळहात उमटले आहेत, शेजारी शेजारी, आणि मधे बोटभर फट. कितीही पाणी ओता, त्या फटीतून निघून जातं. कुणी कोरले की पाण्यानंच झिजून तसे झाले, मला ठाऊक नाही. त्या दगडाला सगळे धाकोजीची ओंजळ म्हणतात.

एकटा माणूस आला तर? तर तो बसून राहतो, दुसरा येईपर्यंत. बाटलीबंद पाणी माझ्याच दुकानात मिळतं आणि त्यात मला चार पैसे सुटतात, हे मी लपवत नाही. पण टाक्यावर आलेल्याला मी बाटली आधी देत नाही. एकदा कांद्याचे दोन अडते असे अडकले. एकाच बाजारातले, गाळे समोरासमोर, आणि मुलांची सोयरीक मोडल्यापासून बोलणं बंद. ऐन उन्हात दोघे वेगवेगळ्या गाड्यांनी आले. माझ्याकडे बाटली मागितली. मी म्हटलं, संपल्या. संपल्या नव्हत्या. बराच वेळ दोघे दोन टोकांना बसून राहिले. शेवटी थोरला म्हणाला, "वाकतोस की मी वाकू?" धाकटा म्हणाला, "तुझे गुडघे गेलेत, तू काय वाकणार." एवढ्यावर मिटलं. सोयरीक काही जुळली नाही, पण आता दिवाळीला एकमेकांकडे फराळाला जातात.

ही रीत आली तांड्यांच्या काळातून. माझ्या आजोबांनी लहानपणी शेवटचे तांडे पाहिले होते. खालून कोकणातलं मीठ वर यायचं, वरून धान्य खाली जायचं, सगळं बैलांच्या पाठीवर. आजोबा सांगत, तांडा खालच्या वळणावर असला की आधी घंटा ऐकू येई, मग धूळ दिसे, आणि मग मिठाच्या गोण्यांचा ओलसर, खारट वास. तो वास आला की त्यांची आई चुलीत लाकूड सरकवायची. माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला अजून बैल बांधायचे दगडी खुंटे आहेत. मी पाडले नाहीत. मुलगा म्हणतो, पाडले तर आणखी एक गाडी उभी राहील. म्हणतो ते खरं आहे. पण मला उगाच वाटत राहतं, एखादा बैल मागे राहिला असेल आणि येईल.

तर त्या जुन्या काळी या वाटेनं भिवजी नाईकाचा तांडा चाले, असं सांगतात. नाईक म्हणजे तांड्याचा धनी. नाईकाची खूण एकच, म्होरक्या बैलाचा कासरा त्याच्या हातात. ही खिंड तेव्हा फार अरुंद. चढून आलेल्या बैलाला पाण्याचा वास येतो आणि तो धावतो. म्होरक्या धावला तर मागचे सगळे रेटारेटी करतात आणि कडेचा बैल गोणीसकट दरीत जातो. म्हणून नियम असा होता की शेवटचा बैल वर येईपर्यंत नाईकानं दोन्ही हातांनी कासरा आवळून उभं राहायचं. घसा कितीही कोरडा पडो, हात सोडायचा नाही. मग त्याला पाणी पाजायचं कुणी? त्याच्या हाताखालच्यानं, आपल्या ओंजळीनं. नाईक त्या ओंजळीकडे बघतसुद्धा नसे. त्याची नजर बैलांवर असे. तो फक्त मान वाकवी.

भिवजीला मूलबाळ नव्हतं. एका दुष्काळात त्यानं आणि त्याची बायको राहीबाई हिनं वाटेवर सापडलेलं एक पोर सांभाळलं. तोच धाकोजी. भिवजीला तो आबा म्हणे आणि राहीबाईला आई. पोर हुशार निघालं. बैलाच्या पायाला काटा लागला तर चालीवरून ओळखी, ढग बघून वाट बदली. वयात आल्यावर नाईकाला पाणी पाजण्याचा मान त्याला मिळाला. राहीबाई तांड्याच्या शेवटी चाले, मागचा बैल वर आणण्याचं काम तिचं.

एका फेरीत भिवजीला ताप भरला. त्यानं कासरा धाकोजीकडे दिला आणि स्वतः मागून चालू लागला. जकातीच्या चौकीवर नवा शिपाई होता. कासरा ज्याच्या हाती तो नाईक, एवढंच त्याला माहीत. तो उठून म्हणाला, "या नाईक, बसा." धाकोजीनं त्याची चूक दुरुस्त करायला हवी होती. त्यानं ती केली नाही. तो बसला.

एवढंच झालं, मंडळी. पण ती हाक त्याला गोड लागली. ताप उतरला, कासरा पुन्हा भिवजीच्या हाती गेला, आणि धाकोजीला आपले रिकामे हात बोचू लागले. म्हातारा अजून किती वर्षं चालणार, असं मनात येऊ लागलं. पहिल्यांदा मनात आलं तेव्हा, म्हणे, त्यानं कानाला हात लावला. पुढे पुढे त्या विचाराची सवय झाली. गावातली जुनी माणसं सांगतात की खिंडीतल्या सावरीवर एक खवीस होता, त्यानं त्याचा कान फुंकला. माझे वडील या जागी थांबत आणि म्हणत, "खविसाला कशाला बोल लावायचा? तो तर सगळ्यांच्याच कानाशी असतो. दार आतून उघडावं लागतं."

पुढच्या वैशाखात तांडा वर आला. भिवजी कासरा आवळून उभा होता. धाकोजीनं एका रानटी मुळीचा लेप आपल्या तळहातांना आधीच चोळून ठेवला होता. त्यानं ओंजळ भरली. नाईकानं नेहमीप्रमाणे बैलांकडे बघत मान वाकवली आणि प्यायला. शेवटचा बैल वर आला, राहीबाई आली, आणि मगच नाईक खाली बसला. लोक म्हणाले, ऊन लागलं. त्याची जीभ जड झाली होती. तरी त्यानं आजूबाजूच्यांना जवळ बोलावून सांगितलं, "कासरा धाकूला द्या. दसऱ्याला देणारच होतो." मग धाकोजीचा हात शोधून त्यानं तो आपल्या छातीवर ठेवला आणि प्राण सोडला.

थांबला असता तर दसऱ्याला सगळं आपसूक मिळालं असतं. व्यापारात मी अशी माणसं पाहिली आहेत. फळ पिकायच्या आधल्या दिवशी झाड तोडतात.

राहीबाई रडली नाही, असं सांगतात. टाक्याच्या पलीकडे धाकोजी वाळू घेऊन आपले तळवे घासत बसला होता. त्या दिवशी त्यानं ना गोणी उचलली होती, ना शेण काढलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं वर पाहिलं, आणि ती बघते आहे हे त्याला कळलं. 

धाकोजी नाईक झाला. त्या मुळीनं म्हणा, पापानं म्हणा, त्याचे हात बधिर झाले होते. कासरा धरता येई, पण बोटं जुळत नसत. ओंजळ केली की पाणी फटीतून गळून जाई. आणि खरी अडचण पुढेच होती. आता कासरा धरून उभं राहायचं त्यानं, आणि पाणी प्यायचं दुसऱ्याच्या हातचं. खिंडीत पहिल्याच फेरीला त्याच्या हाताखालचा गडी ओंजळ भरून पुढे आला. धाकोजीनं त्या ओंजळीकडे पाहिलं, मग गड्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तहान नाही."

शेवटचा बैल घेऊन राहीबाई वर आली. तिनं टाक्यात हात घातला, ओंजळ भरली आणि त्याच्यापुढे धरली. ती म्हणाली, "नाईक, पाणी घ्या." आजवर ती त्याला धाकू म्हणत आली होती.

"तहान नाही," तो पुन्हा म्हणाला.

तिनं पाणी त्याच्या पायाशी ओतलं आणि निघून गेली. मग दर फेरीला हेच होऊ लागलं. ती ओंजळ पुढे करी आणि तो नको म्हणे. त्यानं एक तांब्या घेतला. घाटाच्या पायथ्याशी तो स्वतः भरून घेई आणि झोपेतही काखेत ठेवी. ज्या गड्यावर संशय आला त्याला काढून टाकलं. एक जुना गडी तापानं फणफणत होता आणि बरळताना भिवजीचं नाव घेत होता. त्याला धाकोजीनं रानातच मागे सोडायला लावलं. एक वाईट काम झाकायला दुसरं करावं लागतं, आणि दुसरं करताना पहिल्याइतका हात थरथरत नाही. तांड्यात पूर्वी रात्री गाणी होत, ती बंद पडली. माणसं एकमेकांच्या हातची भाकर घेताना विचार करू लागली.

मग एका वैशाखात, चढणीवर, बैलाचा धक्का लागून त्याच्या काखेतला तांब्या सुटला. दगडांवर आपटत दरीत गेला. त्याचा आवाज, म्हणे, फार वेळ येत राहिला. वर पोहोचेपर्यंत धाकोजीची जीभ टाळूला चिकटली होती. तरी तो कासरा धरून उभा राहिला. त्याच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच, की त्यानं नियम मोडला नाही. शेवटचा बैल आला, तेव्हा तो टाक्याकडे धावला. वैशाखात पाणी फार खोल जातं, तोंड लावता येत नाही. पालथं पडून हात घालावा लागतो. त्यानं ओंजळ भरली, तोंडाशी आणली, तोवर ती रिकामी. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. सगळा तांडा उभा राहून बघत होता. कुणी पुढे झालं नाही.

राहीबाई पुढे झाली. तिनं ओंजळ भरून धरली. "नाईक, पाणी घ्या."

तो त्या पाण्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काय आहे यात?"

"पाणी आहे."

"आधी तू पी."

"तशी रीत नाही. त्यांनी तुला कधी म्हटलं होतं का, आधी तू पी?"

असं सांगतात की यावर धाकोजी गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून शब्द आला, "आई." मग सगळ्या तांड्यादेखत तो म्हणाला, "मी आबाला पाजलं ते पाणी नव्हतं."

राहीबाईची ओंजळ हलली नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, धाकू. पी."

त्यानं मुठी छातीशी आवळल्या, डोळे मिटले आणि मान वाकवली. प्यायला. मग तिथंच दगडाला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. तांड्यात कुजबुज झाली की बाईनं सूड उगवला. तेव्हा तिनं ओंजळीत उरलेलं पाणी सर्वांसमोर स्वतः पिऊन टाकलं. नुसतं पाणीच होतं ते. इतकी वर्षं दर फेरीला नुसतं पाणीच होतं.

या गोष्टीवर आमच्या घरी एकमत कधी झालं नाही. वडील म्हणत, त्या बाईनं पाण्यानंच त्याला मारलं, सुरीपेक्षा वाईट. आई म्हणे, छे, तिला पोर परत हवं होतं, म्हणून दर वेळी हाक मारून बघत होती. जेवताना दोघांचा वाद व्हायचा आणि आमटी गार व्हायची. आता दोघंही नाहीत. मी अजून कुणाच्या बाजूचा ते ठरवलेलं नाही.

पुढे कासरा राहीबाईनं धरला. तिनंच सांगितलं, म्हणे, की या टाक्यावर यापुढे कुणी आपल्या हातानं पिणार नाही. जितकं प्याल तितकं दुसऱ्याला पाजा. आणि धाकोजी एक ओंजळ पिऊन गेला, ती फेडायला त्याच्याकडे हात उरले नव्हते. म्हणून प्रत्येकानं निघताना एक ओंजळ जादाची भरायची, त्याच्या नावची. त्या काळ्या दगडावर लोक ओततात ती हीच.

तांडे गेले. आधी रेल्वे आली, मग डांबरी रस्ता आला. घंटांचा आवाज ज्यांनी ऐकला होता ती माणसंही गेली. पण आजही वैशाखात या खिंडीत कुणी तहानलेला आला, तर तो टाक्याशी थांबून इकडेतिकडे बघतो, आणि बघता बघता कुणीतरी अनोळखी माणूस वाकून ओंजळ भरतो.

चला, चहा संपला असेल तर उठा. पायरी घसरडी आहे, वहिनींना हात द्या. किती ओंजळी प्यालात आणि किती पाजल्यात, ते मी दुकानातून बघणार नाही आणि विचारणारही नाही. वर धाकोजीची एक धरून, तेवढा हिशेब तुम्हीच प्रामाणिकपणे ठेवा.