वीतभर हानी

“आणि ही हानी जाते कुठं?”

नकाशातल्या पाइपावरचं बोट न उचलता कानडे मास्तरांनी विचारलं.

निवास घाटगे गालात हसला. वीस वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात मास्तरांनी हेच विचारून त्याला तासभर उभं ठेवलं होतं. आता तो रस्त्यांच्या खात्यात साहेब झाला होता. इस्त्रीचा सदरा, पायात करकरीत बूट.

“घर्षणात, सर. पाणी पाइपाला आतून घासतं, त्यात जोर जातो. त्याची उष्णता होते.”

“पाणी तापतं म्हणतोस?”

“तापतं... पण कळण्याइतकं नाही.”

“हं.”

मास्तरांच्या घराशेजारच्या ओढ्यावर उंच रस्ता होणार होता. भरावाखालून पाणी जायला सिमेंटच्या पाइपाची मोरी. दुसऱ्या कुणी दोन पाइप घातले असते. निवासनं मोठा पूर धरूनही एकात भागवलं होतं. गुरुवारी नकाशा मंजुरीला जायचा होता. त्याआधी मास्तरांच्या तोंडून एक ‘शाबास’ ऐकावं, एवढ्यासाठी स्वारी चाळीस किलोमीटर आली होती.

“किती आली हानी?”

“पाण्याच्या उंचीत दोनशे एकोणतीस मिलिमीटर. तीनदा तपासलंय.”

“वीतभर म्हण की.”

“वीतभरच. तेवढं पाणी वरच्या अंगाला फुगेल, जोर धरेल आणि निघून जाईल.”

“वरच्या अंगाला म्हणजे कुठं?”

“म्हणजे... वरच्या अंगाला, सर.”

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या.

“चल, चहा घेऊ.”

निवासला वाटलं, पटलं बहुतेक. शाबासकी चहाबरोबर येणार.

पण मास्तर कुंपणाच्या फटीतून थेट शेजारच्या हौसाबाईच्या परसातून तिच्या स्वयंपाकघरात शिरले. तिचं घर ओढ्याच्या काठाला, भराव पडणार त्याच्या वरच्या अंगाला.

“हौसा, दोन कप टाक. आणि मागच्या पुराला पाणी कुठवर आलेलं, ते साहेबांना सांग.”

“ह्ये काय, हितंच, चुलीम्होरच्या जमिनीला टेकलं. टेकलं आन् आल्यापावली माघारी गेलं. लई शाणं पाणी!” तिनं निवासकडं खालीवर बघून घेतलं. “साहेब, बूट काढा की. सकाळीच सारवलंय.”

निवासनं बूट काढले.

चूल जमिनीवरच होती. आधण सळसळायला लागलं. मास्तर चुलीशी उकिडवे बसले आणि त्यांनी वीत ताणली. करंगळी जमिनीवर, अंगठा वर.

जळतं लाकूड अंगठ्याच्या चार बोटं खाली राहिलं.

“अगं बाई! मास्तर, भाजंल की! काय मापताय?”

मास्तरांनी हात तसाच धरला.

निवास अंगठ्याकडं बघत राहिला... मग दारातून दिसणाऱ्या ओढ्याकडं... मग परत अंगठ्याकडं.

“सर, हा नव्या पाइपाचा आकडा आहे. आतून गुळगुळीत धरलाय. शेवाळ धरलं, गाळ बसला, की...”

“की?”

“पाणी आणखी चढेल.”

मास्तरांनी हात काढून घेतला.

निवासनं तिथंच मांडी घातली, नकाशा उलगडला. पाइपाशेजारी दुसरा पाइप काढला. आकडे मांडले. मान हलवली. दोन्ही पाइप खोडले आणि ओढ्याच्या रुंदीएवढी स्लॅबची मोरी काढायला घेतली.

“गुरुवार हुकला,” तो पुटपुटला. वाईट वाटायला हवं होतं. पण पेन्सिल भराभर चालत होती.

“साहेब, खोडरबराचा भुगा तेवढा चुलीत टाका,” हौसाबाई म्हणाली. “जमिनीवर नको.”

निवास मोकळं हसला. मग मान वर करून त्यानं विचारलं,

“सर, तुम्हीच सांगा. हानी किती चालेल?”

हौसाबाईनं चहा पुढं केला. मास्तरांनी कप उचलून निवासच्या हातात दिला.

“गरम आहे?”

“चटका बसतोय, सर.”

“मग... हिची चूल अशीच पेटती राहील, तेवढी.”