पल्याडच्या म्हाताऱ्याचा हात

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा माणसं घरातसुद्धा ओरडून बोलायची. आता आपल्याकडे तसं काही राहिलेलं नाही, तेव्हा निवांत ऐका.

एका तळ्याकाठी एक गाव होतं. तिथं भांडण झालं की दोघं भांडणारे अल्याडच्या काठावर उभे राहायचे आणि एकाच वेळी आपापलं म्हणणं ओरडून सांगायचे. पल्याडच्या काठावर म्हातारा पंच बसायचा. तोंडं दिसली की भीड पडते, म्हणून इतक्या लांब. ज्याचं बोलणं त्याच्या कानी पडेल, त्याच्या बाजूचा हात तो वर करायचा. खरं बोलणाऱ्याच्या घशाला आपोआप बळ येतं, अशी गावाची पक्की समजूत होती.

सगुणाच्या घशाला मात्र जन्मापासूनच बळ होतं. ती डावीकडे उभी राहो की उजवीकडे, हात तिच्याच बाजूचा वर जायचा. वाटेवरचं लिंबाचं झाड, शेजारणीची कोंबडी, सगळं तिनं तिथं उभं राहून मिळवलं होतं. कोंबडी आपली नाही, हे तिला आधी ठाऊक होतं. पण जिंकून आल्यावर तिलाही वाटायला लागलं, असेल बाई आपलीच.

एका साली तळं काठोकाठ भरलं. धाकटी जाऊ म्हाळसा येऊन म्हणाली, "आक्का, बांधाला ओल आलीय. सांडव्याची फळी काढून थोडं पाणी सोडू या."

"आणि माझ्या मिरच्या? पाणी त्यांच्यावरूनच जाणार ना?"

"मिरच्या काय, पुन्हा लावता येतील."

"तुझ्या असत्या म्हणजे कळलं असतं. चल काठावर."

चुलीपाशी बसलेला सगुणाचा नवरा म्हणाला, "ओल मीही पाहिलीय गं. खरं बोलतेय ती."

सगुणा आलं चावून मोठमोठ्यानं घसा खाकरत होती. तिला काही ऐकू आलं नाही.

काठावर दोघी ओरडल्या. म्हाळसाचे नुसते ओठ हलताना लोकांना दिसले. पल्याडचा हात सगुणाच्या बाजूचा वर गेला. फळी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा टोपलीभर माती घेऊन बांधाखाली गेला आणि भेग लिंपत बसला. दुपारी सगुणा त्याची भाकरी घेऊन टेकाडावरून येत होती. तिला वरून दिसलं, बांध मधोमध खचत होता.

"मागं फिरा, अहो, मागं फिरा!"

आयुष्यात कधी ओरडली नव्हती, तशी ती ओरडली. पण पाण्याचा आवाज तिच्याहून मोठा होता. नवऱ्यानं वर पाहिलं. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. काय म्हणतेय ते ऐकायला तो कानामागं हात धरून तिथंच उभा राहिला.

मिरच्या गेल्या. तोही गेला.

गावानं नवा बांध घातला, रीत मात्र जुनीच ठेवली. सुतक फिटलं, तसा एक शेजारी सगुणाच्या दारात आला.

"वहिनी, उद्या माझा वाद आहे काठावर. माझ्या वतीनं उभ्या राहा ना. तुमच्यासारखा घसा गावात दुसऱ्या कुणाचा नाही."

सगुणानं नुसती मान हलवली. त्याला वाटलं, ती हो म्हणाली.

जास्त मोठ्यानं ओरडलं की समोरच्याचं बोलणं बुडतं, त्यातलं खरं बुडत नाही.