रानडुकराचे दहा श्वास

जांभूळबनात एक रानडुक्कर होता आणि त्याला सदान्कदा उशीर झालेला असे. कशाला उशीर झाला आहे, असे कोणी विचारले असते तर मात्र त्याला सांगता आले नसते. उजाडले की तो धावत सुटे. धावता धावता कंद उकरी, अर्धा खाई, अर्धा टाकी आणि पुढच्या कंदाच्या वासाने तिथून निघे. पोट भरल्याचे त्याला वेळेवर कधी कळत नसे. कळे तेव्हा पोट दुखायला लागलेले असे. झोपेचीही तीच गत. जरा डोळा लागला की दचकून उठे आणि आसपास कोणी नसताना गुरगुरे.

बनाच्या एका कडेला डोंगर होता आणि डोंगराच्या पायाशी तळे. डोंगरातून येणारा एक झरा त्या तळ्याला बारा महिने पाणी देई. काठाने वाळ्याचे गवत दाट वाढलेले होते. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात आपण सुवासासाठी ज्याच्या मुळ्या टाकतो ना मुलांनो, तोच हा वाळा. त्याच्या मुळ्यांखालच्या ओल्या मातीत किडे आणि खेकडे असत. रानडुकराला तेवढे पुरे होई. रोज सकाळी तो काठावर नाक खुपसून गवताचे गड्डे उलथे, हाती लागेल ते खाई आणि मग धाडकन पाण्यात उडी घेऊन लोळे. दिवसभर तळे गढूळ राही.

त्या वर्षी माघ सरता सरता झरा थांबला. पाणी रोज थोडे थोडे मागे हटू लागले आणि चैत्र लागला तेव्हा तळे पाव हिश्शावर आले होते. आता सगळ्याच प्राण्यांच्या मनात भीती शिरली. आपल्याआधी दुसरा पिऊन जाईल म्हणून सगळे एकदमच पाण्यावर येऊ लागले. ढकलाढकली होई, गाळ वर येई आणि तोच गाळ सगळे पीत. एका हरिणीच्या पाडसाला ते पाणी बाधले. त्याचे पोट इतके बिघडले की त्याला चार पावले चालवेना.

हरिणी हिय्या करून रानडुकराकडे गेली. म्हणाली, "डुकरदादा, एक विनंती आहे. तुम्ही पाण्यात जरा हळू उतराल का? गाळ खाली बसला की माझ्या पाडसाला दोन घोट चांगलं पाणी मिळेल."

"हळू?" रानडुक्कर ओरडला. "मी हळू गेलो तर माझ्या वाटणीचं उरेल का? झरा काय मी आटवला? ऊन बघ केवढं पडलंय!" आणि तो तिच्या अंगावरून पुढे पळाला.

वानर सगळ्यांत उंच फांदीवर बसून हे पाहत होता. रानात काही ठरवायचे असले की त्याचाच आवाज मोठा असे. त्याने सगळ्यांना गोळा केले आणि म्हटले, "झरा मेला. हे तळं आणखी आठ दिवस पुरेल. त्यानंतर रान सोडायचं आणि कोरड्या ओढ्यापलीकडे गावाकडे जायचं. तिथं विहीर आहे."

"तिथं कुत्रीही आहेत," हरिणी म्हणाली. "आणि माझं पाडस चालू शकत नाही."

वानराने नुसती फांदी बदलली.

आठच दिवस उरले, हे ऐकून रानडुकराची घाई मात्र दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो धावत आला आणि डोंगराच्या बाजूने, जिथे काठ ढासळून गाळाचा ढीग झाला होता, तिथूनच पाण्याकडे झेपावला. चारही पाय गाळात रुतले. त्याने जोराने पुढचे पाय उपसले. मागचे आणखी खोल गेले. मागचे उपसले, तर पुढचे गेले. बघता बघता गाळ पोटाला लागला.

"जोर लाव! आणखी जोर लाव!" वानर झाडावरून ओरडू लागला.

रानडुकराने जोर लावला आणि खांद्यापर्यंत आत गेला. आता त्याच्या तोंडातून गुरगुर निघेना, नुसता किंकाळीसारखा आवाज निघू लागला.

त्याच गाळातून एक डोके हळूच वर आले. तळ्यातली म्हातारी कासवी होती ती. तिला किती वर्षे झाली होती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "जोर लावू नकोस, बाळा. हलूच नकोस."

"मी बुडतोय, आजी!"

"तू हललास की बुडतोस. हलला नाहीस तर आहेस तिथंच राहशील. आता माझ्याकडे बघ. श्वास आत घे. सोड. आता मोज. दहापर्यंत मोज आणि तोवर दुसरं काही करू नकोस."

रानडुकराचे पहिले तीन श्वास भात्यासारखे धपापत गेले. चौथा जरा लांबला. सातव्याला त्याला जाणवले की आपण खरेच आणखी खाली जात नाही. दहाव्याला त्याचे थरथरणारे खांदे सैल पडले.

"आता पुढचा उजवा पाय," कासवी म्हणाली. "एकच. भोवतीचं पाणी त्याच्या खाली शिरू दे. हं. आता टेकव पुढे, जिथं घट्ट लागेल तिथं. मग डावा."

एकेक पाय सोडवायला अख्खी दुपार गेली. उन्हे कलली तेव्हा रानडुक्कर काठावरच्या खडकावर पडून होता. अंगभर चिखल होता, पण बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुठे पळत सुटावेसे वाटत नव्हते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजी, हे मला शिकवाल?"

"शिकवण्यासारखं फारसं काही नाही," कासवी म्हणाली. "रोज करण्यासारखं आहे. उद्या उजाडताना ये."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो खडकावर आला. कासवीने त्याला आधी अंग ताणायला लावले: पुढचे पाय पुढे, पाठ खाली, मान लांब. मग चारही पायांवर सारखा भार देऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि दहा श्वास मोजायचे. दहा झाले की पाणी प्यायचे, आधी नाही. चौथ्या श्वासाला रानडुकराला कंदाचा वास आला आणि तो धूम पळाला. दुपारी खाली मान घालून परत आला. कासवी रागावली नाही. "पळालास हे तुला कळलं ना? मग पुन्हा एकपासून मोज," एवढेच म्हणाली.

वानराला तर खेळच मिळाला. "अरे बघा, बघा! डुकराचा जोगी झाला!" तो फांदीवर बसून ओरडे आणि एका पायावर उभा राहून डोळे मिटण्याची नक्कल करी. पहिल्या दिवशी रानडुक्कर त्याच्या झाडाला धडक द्यायला धावला. दुसऱ्या दिवशी नुसता गुरगुरला. तिसऱ्या दिवशी वानर ओरडत असतानाच त्याचे दहा श्वास पुरे झाले.

आणि हळूहळू त्याला काही काही कळू लागले. दोन कंद खाल्ल्यावर आपली भूक भागते, हे त्याला नव्यानेच कळले. उरलेले कंद जमिनीत तसेच राहिले. त्याला सलग झोप लागू लागली. पाण्यात पाय टाकताना खालची बेडकांची अंडी दिसली आणि त्याने पाय उचलून बाजूला ठेवला. तो हळू उतरू लागल्यावर पाठीमागचेही हळू उतरू लागले. सकाळी घटकाभर का होईना, काठाशी पाणी निवळू लागले. हरिणीने पाडसाला आधार देत आणले आणि ते पोटभर चांगले पाणी प्यायले.

पण तळे आटतच होते. आठातले सहा दिवस सरले.

सातव्या दिवशी सकाळी रानडुक्कर खडकावर डोळे मिटून उभा होता. वारा पडलेला होता. सहाव्या श्वासाला त्याला पायाखाली काहीतरी जाणवले. अगदी बारीक थरथर. खडकाच्या आत कोणीतरी पुटपुटत असावे तशी. त्याने डोळे उघडले नाहीत. दहा पुरे केले. मग खडकावरून उतरून नाक जमिनीला लावले आणि ढासळलेल्या काठाच्या बाजूने वास घेत निघाला. गाळाच्या ढिगाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, माती गार होती. तिथे त्याने कान लावला.

झरा मेला नव्हता. आत पाणी वाहत होते. त्याचे तोंड ढासळलेल्या मातीने बुजले होते.

रानडुकराने मान वर केली आणि काठाकडे पाहिले. जिथे वाळा उभा होता तिथे काठ सरळ, घट्ट होता. जिथे वाळा नव्हता, तेवढाच काठ खाली आला होता. आणि तिथला वाळा कोणी उपटला होता, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

गुपचूप माती उकरून झरा मोकळा करावा, म्हणजे कोणाला काही कळायचे नाही, असेही त्याच्या मनात येऊन गेले. मग तो वळला आणि सगळे पाण्यावर जमले होते तिथे गेला.

"झरा जिवंत आहे," तो म्हणाला. "उन्हानं आटला नाही. मी काठाचा वाळा उकरला, काठ ढासळला आणि झऱ्याचं तोंड बुजलं. हे माझ्यामुळे झालं." मग हरिणीकडे वळून म्हणाला, "ताई, तुझं पाडस माझ्यामुळे आजारी पडलं. तू सांगायला आलीस, तेव्हा मी तुझं ऐकलंही नाही."

हरिणीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "आता ऐकलंत ना? मग चला, झरा मोकळा करू."

काम सोपे नव्हते. वरून अर्धवट सुटलेल्या काठाचा मोठा भाग लोंबकळत होता. रानडुक्कर नाकाने माती ओढू लागला. ओलावा वाढला, तसा सगळ्यांना धीर धरवेना. "लवकर! आता थोडंच राहिलं! दे धडक!" वानर नाचत ओरडला. रानडुकराचे खांदेही आपोआप ताठ झाले. एकच धडक द्यायची आणि पाणी बाहेर. त्याने मान मागे घेतली.

तेवढ्यात मातीचा एक बारीक ओघळ त्याच्या कपाळावर पडला.

तो थांबला. "वानरदादा, जरा गप्प बसा," तो म्हणाला. "मला ऐकू द्या." आणि सगळ्यांच्या देखत, तोंड मातीत असतानाच, त्याने श्वास मोजायला सुरुवात केली. दहा होईपर्यंत कोणी हलले नाही. वरची माती सुटत आहे, हे त्याला आता स्पष्ट ऐकू येत होते. समोरून धडक दिली असती तर सगळा काठ खाली आला असता. झराही कायमचा बुजला असता आणि त्याखाली तोही गाडला गेला असता.

तो मागे सरला आणि बाजूने, खडकाच्या कडेकडेने, नवी वाट काढू लागला. तिथे माती घट्ट होती. वानर थोडा वेळ बघत राहिला, मग न बोलता खाली उतरला आणि मोकळी झालेली माती ओंजळीने बाजूला टाकू लागला. हरिणी खुरांनी माती मागे सारी. ऊन डोक्यावर आले, कलले, तरी काम चालूच होते. शेवटी रानडुकराच्या नाकाला पाणी लागले. आधी थेंब, मग करंगळीएवढी धार, मग ती धार खडकावरून उतरून तळ्यात पडू लागली.

सगळे नुसते ऐकत उभे राहिले.

रानडुक्कर काही एका उन्हाळ्यात साधू झाला नाही. अजूनही मधूनच त्याला घाई सुटे आणि मग कासवी "पुन्हा एकपासून" म्हणे. पण पुढचे कित्येक दिवस त्याने बनाच्या दुसऱ्या टोकाचे वाळ्याचे गड्डे मुळांसकट, हलक्या तोंडाने आणून उघड्या काठावर रोवले. पाण्यावर येणारा प्रत्येक जण आता काठाशी क्षणभर थांबू लागला. वानराला मात्र डोळे मिटून उभे राहणे जमत नसे. तो म्हणे, "मी उघड्या डोळ्यांनीच मोजतो." कासवी म्हणे, "चालेल."

वैशाख सरला तरी तळ्यात गुडघाभर पाणी होते. रान सोडून कोणालाच जावे लागले नाही. आणि एका सकाळी हरिणीचे पाडस आईच्या आधाराशिवाय काठापर्यंत चालत आले, थांबले, त्याने एक लांब श्वास घेतला आणि तोंड पाण्याला लावले.

तात्पर्य : जो रोज क्षणभर थांबून आपल्या श्वासाकडे लक्ष देतो, त्याला आपले पाऊल कोठे पडते हेही दिसू लागते, आणि ज्याचे मन निवळते, तो भोवतालचे पाणीही निवळू देतो.