ठमीआयची पाळी

फार मागची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि खाडीच्या तोंडाशी, पाण्यातल्या किल्ल्यात अंधारकोठडी होती. तिथून सुटून आलेला माणूस घरच्यांनाही ओळखत नसे, असं म्हणतात.

तिवरवाडीची भातशेती मातीच्या बांधामागं. बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरती चढायच्या आत लावायची. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट एकटा जोमा विसरला. त्यानं उघाडीत जाळं लावलं, हाताएवढा जिताडा मिळाला, आणि हा बहाद्दर दार लावायचं सोडून मासा मिरवत गावभर हिंडला! भरती शिरली ती पोटरीला आलेल्या भातात. जाताना दाराशेजारचा बांधही घेऊन गेली. खारं पाणी लागलं की शेत पुढची कैक वर्षं उठत नाही. सगळ्यात जास्त गेलं पोशाचं, कारण उघाडीला लागून त्याचंच शेत होतं.

किल्ल्यावरचा हवालदार होडी घेऊन आला. गाव म्हणालं, न्या याला. तेवढ्यात बांध राखणारी ठमीआय पुढं झाली. म्हातारीला नवरा नाही, मूल नाही, जीभ मात्र कोयत्यासारखी.

"हा तिकडं बसून फुकटचं खाणार," ती म्हणाली, "आणि फुटल्या बांधावर माती कोण ओढणार? तुम्ही?"

हवालदारानं विचारलं, जामीन कोण? ती म्हणाली, मी. जोमा पळाला तर त्याच्या जागी तिनं कोठडीत जायचं, असं ठरलं. मग तिनं घरोघर फिरून पाळी लावली. ज्या घराची पाळी, त्यानं जोमाला जेवू घालायचं आणि दिवसभर त्याच्या जोडीनं बांधावर राबायचं. कुणी आपखुशीनं हो म्हणालं, कुणी तिच्या जिभेला भिऊन. पोशानं मात्र दार लावून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं? घरात पोरं कंद उकडून पोट भरत होती.

जोमा मान खाली घालून राबायचा. पण ज्यांचं भात बुडवलं त्यांच्याच ताटावर बसायचं, तर घास घशाखाली उतरेना. यापेक्षा कोठडी परवडली, असं त्याला वाटे. पण कोठडीचीही भीती होतीच. एका सकाळी तो खाडी पोहून पलीकडं पळाला.

हवालदार आला. ठमीआय कुणाला बोल न लावता होडीत जाऊन बसली. भरती आली की होडी निघणार होती. आणि त्या दिवशी भरती आलीच नाही, असं म्हणतात. उन्हं कलली तरी होडी चिखलात रुतलेली. खाडीचा तळ दिसायला लागला. पलीकडच्या तिवरांच्या झाडीत लपलेल्या जोमाला उन्हात बसलेली म्हातारी दिसत होती. शेवटी त्याला राहवेना. कमरेएवढा चिखल तुडवत तो आला आणि होडीचा काठ धरून म्हणाला, "उतर आय. ती जागा माझी."

काठावर सगळं गाव जमलं होतं. मग पोशा गर्दीतून पुढं आला. जोमाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. हवालदाराला म्हणाला, "आज पाळी माझ्याकडं आहे. जेवल्याशिवाय याला नेता येणार नाही."

जोमा पोशाच्या ओटीवर बसला. ताटात उकडलेले कंद, शेजारी पोशाची पोरं. जोमा रडला. पोशानं त्याला रडू दिलं, मग ताट पुढं सरकवलं. जोमानं पहिला घास घेतला आणि खाडीत पाणी चढलं, असं म्हणतात. होडी तरंगली. हवालदार काय समजायचं ते समजला आणि रिकामाच परत गेला.

तिवरवाडीत आजही कुणाकडून आगळीक झाली की गाव बसतं आणि ठमीआयची पाळी लावतं. एकजण जामीन म्हणून उठल्याशिवाय बैठक मोडत नाही. घरं आपणहून नावं देतात, कुणी जेवणाला, कुणी सोबतीला. पहिली पाळी ज्याचं नुकसान झालं त्याची. तो नाही म्हणाला, तर त्याला कुणी जोर करत नाही. मात्र तो दार उघडेपर्यंत गावातली एकही होडी पाण्यात उतरत नाही.