अडखळणारा योद्धा

“पण सर, त्याच्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा ना.”

मकरंद कोळेकरने पुन्हा विचारलं, आणि मोमीन सरांनी पुन्हा चहात बिस्किट बुडवलं.

मी शेजारचा. रोज सकाळी सरांचा पेपर फुकट वाचायला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो. सर मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि रविवारी याच ओसरीवर पोरांना कागदावरची चित्रं हलती करायला शिकवायचे. मकरंद त्याच पोरांतला. आता पुण्यात त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. मराठीत ॲनिमे, म्हणजे जपानी धर्तीची कार्टून मालिका काढली म्हणून पेपरात त्याचा फोटोही आला होता. गाडीतून उतरताना त्याने मला ओळख दिली नाही, पण सरांच्या पाया पडला, तेवढं खरं.

टॅबवर त्याचा हिरो उभा होता. नाव कालाग्नी. वाऱ्यावर उडणारी शाल, एका डोळ्यात ज्वाळा, आणि छाती अशी की बनियन शिवणाऱ्याची पंचाईत व्हावी.

“दिसतो तर झकास,” सर म्हणाले.

“दिसतोच हो. पण पोरांच्या मनात बसत नाही. पोरं व्हिलनची चित्रं काढतात, सर. याचं कुणीच काढत नाही. पैसे घालणारी कंपनी म्हणते, पुढच्या भागात हिरोच बदलू.”

“ह्याला येतं काय काय?”

“सगळं. उडतो. आगीतून चालतो. अख्ख्या सैन्याला एकटा लोळवतो.”

“आन् येत नाही काय?”

“तसं काहीच नाही, सर.”

“मग सकाळी उठतो कशाला रे हा?”

मी हसलो. मकरंद हसला नाही.

“त्याला दुःख आहे ना! लहानपणी त्याचं गाव जाळलेलं असतं.”

“तुमच्यात सगळ्यांचीच गावं जळतात बाबा. आग लावणारा कंत्राटदार एकच असणार.”

मकरंद टॅबवर बोट फिरवत राहिला. सर उठले. खिळ्याला लावलेला दाढीचा आरसा त्यांनी काढला आणि त्याच्यासमोर टेकवून ठेवला. त्यांच्या वर्गाची ही रीतच होती. हसणारं तोंड काढायचं तर आधी आरशात हसायचं, रडकं काढायचं तर आधी आरशात रडून दाखवायचं. मगच पेन्सिल उचलायची.

“वार करताना ओरडतो काय हा?”

“महास्फोट.” मग माझ्याकडे वळून, मला काही कळत नसणार अशा सुरात मकरंद म्हणाला, “ॲनिमेत योद्धा वाराचं नाव घेतो आणि मग वार करतो, काका.”

“आरशात बघून म्हण,” सर म्हणाले.

“महास्फोट!”

आवाज खणखणीत होता. नाटकात शोभला असता.

“झालं?”

“झालं.”

“लई लवकर झालं रे.”

मकरंदने आरशावरची नजर काढली.

“पहिला येगळा होता ना?” सर म्हणाले. “तुम्ही दोघं भाऊ मिळून काढायचात, तो. दत्ता हितं अंगणात छत्री धरून उभा राहायचा, आन् तू त्याला बघून काढायचास.”

दत्ता म्हणजे मकरंदचा थोरला भाऊ. मला तो चांगला आठवतो. बोलताना अडकायचा. ‘म’ तर त्याचा सात जन्मांचा वैरी. ओठ एकदा मिटले की उघडायचेच नाहीत, मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. आणि गंमत म्हणजे तो खेळ त्यानेच शोधलेला. त्यांच्या योद्ध्याचा वार केव्हा चालणार, तर ‘महास्फोट’ हे नाव पूर्ण उच्चारल्यावरच! त्याच्याआधी कितीही तलवार फिरवा, उपयोग शून्य.

समोरून शत्रू धावून येतोय, आणि हा छत्री उगारून उभा. म... म... म...

पोरांच्या पेन्सिली हवेत राहायच्या. सर रागवायचं विसरायचे. मी पेपर खाली ठेवायचो. आणि तो शब्द एकदाचा सुटला की सगळी ओसरी ओरडायची. त्या योद्ध्याला ना शाल होती, ना ज्वाळा.

“कुठं गेला तो?”

“काढून टाकला, सर.”

“का?”

“मालिकेत नाही चालत हो. लढाई तिथंच थांबते. आणि तोतऱ्या हिरोची छाप कुणावर पडणार?”

सर कपात पडलेला बिस्किटाचा तुकडा चमच्याने काढत बसले.

“दत्ताला सांगितलंस?”

“...सांगायचं राहिलं.”

मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. मालिकेचा पहिला खेळ सांगलीत झाला. दत्ता कुपवाडचं वर्कशॉप बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसला होता. शेजारच्या माणसाला बोट करून मकरंदला दाखवत होता, माझा भाऊ म्हणून. पडद्यावर कालाग्नी आला, एका दमात ‘महास्फोट’ म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुटल्यावर दत्ता मकरंदजवळ आला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. ओठ मिटले ते मिटलेच. भोवती पेपरवाले उभे होते.

“मग?”

“मी म्हणालो, दादा, आत्ता गडबड आहे. मेसेज कर ना.”

“केला?”

“केला. ‘छान झालं’ असा. त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, सर. मेसेजच करतो. ‘हो’, ‘बरं’, ‘जेवलो’. आई म्हणते, आता घरातही फार बोलत नाही.”

मला मकरंदचा राग आला, खरं सांगतो. आणि लगेच वाईटही वाटलं. मालिका, स्टुडिओ, पेपरातला फोटो, सगळं बाजूला ठेवलं तर छत्रीवाल्या भावाशिवाय होतं काय त्याच्याकडे?

मकरंद आरशात बघत होता. त्याने ओठ मिटले. मान ताठ केली.

“म...”

पुढे त्याला जमेना. चेहरा मात्र बदलला. कालाग्नीच्या सगळ्या चित्रांत नव्हतं असं काहीतरी त्या आरशात उमटलं. त्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.

सरांनी पेन्सिल काढून घेतली आणि त्याच्या हातात त्याचाच फोन ठेवला.

“आधी हे.”

“काय बोलू, सर?”

“लाव तर खरं.”

सरांना ऐकू कमी येतं, म्हणून मकरंदने फोन स्पीकरवर टाकला. रिंग वाजली. पलीकडे ग्राइंडरची घरघर ऐकू आली, मग ती दूर गेली. कुणीतरी आवाजापासून बाजूला जात असावं.

“म...”

मी पेपर खाली ठेवला.

“म... म...”

“हां दादा, मकरंदच बोलतोय!”

बोलून गेला. मुद्दाम नाही हो, लहानपणापासून घरात सगळेच दत्ताचे शब्द असे पुरे करून टाकायचे, मायेने करायचे. पण त्या ओसरीवर मात्र कधी कुणी केले नव्हते. सरांनी डोळे मिटले.

पलीकडून एक श्वास ऐकू आला. मग फोन कट झाला.

थोड्या वेळाने मेसेज आला. ‘काम होतं का?’

मकरंदने तो मोठ्याने वाचला. वाचताना त्याचा आवाज फाटला. त्याने पुन्हा फोन लावला. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. परत लावला. परत तेच.

“उचलत नाही, सर.” गाल पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. “आता काय करू मी?”

सरांनी आपली खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी आणली आणि बसले.

“वाट बघ.”